पास झालेलं कार्ड

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, नोकरीतल्या गमतीजमती लिहा बाई, त्या काळी खामगावात इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात बाई म्हणजे नवलच. नवल इतरांना वाटायचं. मी पगारासाठी जात होते. गंमत एक आहे, ती सांगते. पण बाकीचं मी रागानं लिहिणार आहे, आणि तो राग जुना असला तरी निवलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तो पुन्हा तापवला माझ्या भाच्यानं. तो पुण्यात कॉम्प्युटरच्या चिप डिझाइन करतो. मागे घरी आला तेव्हा मी विचारलं, बाबा रे, नखाएवढ्या तुकड्यावर एवढा पसारा तुम्ही मांडता तरी कधी? तो हसला. म्हणाला, सगळं कोण मांडत बसतं मावशी? हिशेब करणारा भाग एका कंपनीकडून तयार घ्यायचा, आठवण ठेवणारा दुसरीकडून, बाहेरच्या वायरशी बोलणारा तिसरीकडून. तयार ब्लॉक आणायचे आणि एकमेकांना जोडायचे. आज या चिपमध्ये, उद्या त्या चिपमध्ये, ब्लॉक तेच. ऐकून मला बरं वाटलं, कारण आम्ही खामगावात हेच करत होतो, फक्त आमचं कपाटाएवढं व्हायचं. मग मी विचारलं, दुसऱ्यानं केलेला ब्लॉक तुझ्या चिपमध्ये नीट चालेल हे तू कशावरून धरतोस?

"अगं, तो प्रूव्हन असतो," तो म्हणाला. "पास झालेला."

झालं. माझं डोकं फिरलं. त्या पोराला काही कळेना की मावशी एकाएकी ताट बाजूला सारून का बसली.

महाराष्ट्र राज्यानं तेव्हा विशीही गाठली नव्हती. मी धाड गावची. वडील शाळामास्तर, त्यांनी हट्टानं मला अमरावतीला पॉलिटेक्निकला घातलं. पदविका घेऊन मी खामगावला एका छोट्या कारखान्यात लागले. कारखाना कसला, तेलगिरणीमागची टिनाची शेड. मालक राजाभाऊ आधी मोटारी वाइंडिंग करून द्यायचे, मग त्यांना इलेक्ट्रॉनिक्सचं वेड लागलं. माणूस वाईट नव्हता. वाईट नसलेली माणसं किती वाईट करून बसतात, हे मी त्यांच्याकडे शिकले.

आमचा धंदा असा होता. आयसी म्हणजे पाय फुटलेला काळा चौकोनी तुकडा, चिप त्याच्या पोटात असते. आयसी मुंबईहून यायच्या. आमच्याकडच्या बायका त्या हिरव्या पट्टीवर झाळायच्या, म्हणजे एक कार्ड तयार. एका कार्डाचं एकच काम. मोजणारं कार्ड, वेळ लावणारं कार्ड, मोटर चालू-बंद करणारं कार्ड, दार उघडं की लागलेलं ते सांगणारं कार्ड. कार्डाचं डिझाइन माझं. एकदा आखायचं, तपासायचं, पास झालं की कपाटात ठेवायचं. मग गिऱ्हाईक आलं की कपाट उघडायचं आणि त्याला हवं ते यंत्र या तयार कार्डांतून उभं करायचं. चार कार्डं एका चौकटीत खोचली, मागून तारा ओढल्या, की गिऱ्हाइकाला वाटायचं सगळं त्याच्यासाठीच घडवलंय.

यात लबाडी नाही. शहाणपणाचीच रीत आहे ती, आणि मला तिचा अभिमान होता, आजही आहे. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. कार्ड ज्याच्यासाठी प्रथम आखलं, त्याच्या सवयी त्या कार्डात मुरलेल्या असतात. त्या वरून दिसत नाहीत, आणि तपासणीतही सापडत नाहीत.

आता ती गंमत. मोजणारं कार्ड मी तेलगिरणीसाठी केलं होतं. पट्ट्यावरून तेलाचे डबे जायचे, एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला प्रकाश टिपणारा डोळा. डबा आडवा गेला की आकडा एकानं वाढला. एकदा शेगावचे एक लॉजवाले आले. त्यांना दारावर आकडा हवा होता, लॉजमध्ये किती माणसं आहेत याचा, म्हणजे अंघोळीच्या पाण्याचा बंब त्या मानानं पेटवता येईल. राजाभाऊंनी माझ्याशी न बोलता कपाटातलं मोजणारं कार्ड काढून दिलं. दोनच दिवसांत लॉजवाले तणतणत परत. म्हणाले, माह्या लॉजमधी खाटा तीस, अन् तुमचा आकडा म्हन्ते मानसं चारशे. बंब पेटवून पेटवून माह्या लाकडाचा भुगा झाला.

मी त्यांना समजावलं की कार्ड अगदी बरोबर मोजतंय. डबा एकदा पुढे गेला की मागे येत नाही, म्हणून त्या कार्डाला मागे येणं ठाऊकच नाही. माणूस दर्शनाला जातो, परत येतो, चप्पल राहिली म्हणून आणखी एकदा जातो, आणि आकडा आपला चढतच राहतो. लॉजवाले हसले, राजाभाऊही हसले. मी दोन डोळ्यांचं नवं कार्ड करून दिलं आणि प्रकरण मिटलं. राजाभाऊ तेव्हाच हसण्याऐवजी थोडं घाबरले असते, तर पुढचं झालं नसतं.

पुढचं म्हणजे जिनिंग-प्रेसिंगचं. कापसातली सरकी, म्हणजे बी, काढून झाली की रुई प्रेसमध्ये दाबून तिची गाठ बांधतात, हे खामगावात कुणाला सांगायला नको, पण पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते. प्रेसला लोखंडी दार असतं आणि आत रुई दाबणारा दट्ट्या. दार उघडून माणूस आत हात घालतो, गाठीभोवती लोखंडी पट्टी ओवतो. तो हात आत असताना दट्ट्या हलता कामा नये. एका जिनवाल्या शेठनं जुन्या प्रेसला आमचं इलेक्ट्रॉनिक कंट्रोल बसवायचं ठरवलं. सगळी कार्डं कपाटातलीच निघाली. दाराचं कार्डही होतंच, तेलगिरणीतल्या यंत्राच्या दारावर वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेलं.

त्या दार-कार्डाची सवय काय होती ते सांगते. दार उघडताना एक खटका जाताजाता दाबला जायचा, लागताना दुसरा. कार्ड शेवटचा खटका लक्षात ठेवायचं, आणि त्यावरून दार उघडं की बंद ते सांगायचं. पण वीज गेली की ही आठवण पुसली जाते. वीज परत आली की कार्ड जागं होतं, आणि जागं होताना त्याच्या मनात 'उघडं' असेल की 'बंद', याचा काही नेम नाही. तेलगिरणीत यानं बिघडत नव्हतं. तिथे लाइन, म्हणजे वीज, आल्यावर कुणीतरी येऊन चालू करायचं हिरवं बटण दाबायचं, आणि ते बटण दाबलं की कार्ड आधी 'दार उघडं' असंच धरायचं. मग माणूस दार नीट लावून घ्यायचा, तेव्हाच मोटर चालायची. सगळी मदार त्या हिरव्या बटणावर होती.

शेठला बटण नको होतं. हंगामात लाइन दिवसातून कितीदा जाते-येते, दर वेळी बटण दाबायला माणूस कशाला धावायला हवा, लाइन आली की प्रेस आपोआप सुरू झाला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मी राजाभाऊंना सांगितलं की बटण काढायचं तर जागं होताना 'दार उघडं' असंच धरायला लावणारं वेगळं कार्ड करावं लागेल, मला थोडा वेळ द्या. त्यांनी डोक्याला हात लावला. "काऊन वांधे काढून राह्यल्या बाई? कार्ड पास हाय न?" मी म्हटलं, तेलगिरणीसाठी पास आहे. ते म्हणाले, कार्डाले काय समजते थे तेलगिरणीत हाय का प्रेसमधी? अगदी तेच मी सांगत होते, की कार्डाला ते समजत नाही.

मग मी भावाच्या लग्नाला धाडला गेले. एसटीनं परत आले तोवर शेठचा हंगाम सुरू झाला होता, आणि आमच्या फिटरनं बटण काढून त्या जागी चालू होण्यापुरता तारेचा तुकडा जोडून, दार-कार्डाकडे जाणारी तार मोकळीच सोडून, कंट्रोल बसवूनही दिलं होतं. मी जिनमध्ये जाऊन मॅनेजरला सांगितलं, बटण परत लावा, दोन तारांचं काम आहे. ते म्हणाले, हंगाम संपला की पाहू. आता लोक मला म्हणतात, तुम्ही आणखी जोरात बोलायला हवं होतं. मी जोरातच बोलले होते. जे ऐकत नव्हते त्यांना जाऊन विचारा.

हंगाम संपायच्या आत किसन गवईचा उजवा हात गेला. पूर्ण नाही, चार बोटं गेली आणि अंगठा तेवढा राहिला. लाइन गेलेली होती, प्रेस थंड होता, अडकलेली पट्टी काढायला त्यानं दार उघडून आत हात घातला होता. लाइन आली आणि दट्ट्या हलला. किसन प्रेसवर अनेक वर्षं काम करणारा, सातवी शिकलेला माणूस. आमच्याच बौद्ध समाजातला, म्हणून त्याची बायको मला ओळखत होती. मी दवाखान्यात गेले तेव्हा तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होता. "बाई, म्या बटन दाबलं नाही. लाइन आली अन् थे आपोआप हाललं."

हे तो मला का सांगत होता, ते मला नंतर कळलं. जिनमध्ये बोललं जात होतं की दाराजवळच्या पेटीवरचं, दाराच्या कार्डाला न विचारता दट्ट्या हलवणारं बटण किसनच्याच कोपरानं दाबलं गेलं. गाफील होता, पिऊन आला असेल, असंही कुणी म्हणत होतं. किसन विडीसुद्धा ओढत नसे. चूक त्याची ठरली की जिनची जबाबदारी संपत होती, आमच्या कारखान्याचीही संपत होती, आणि किसनची नोकरी व नाव दोन्ही जात होतं.

चौकशीला शेठनं मुंबईहून एक सल्लागार साहेब आणला. प्रेसजवळच्या ऑफिसात टेबलावर आमची कार्डं मांडली. राजाभाऊंनी मला तपासणीचा डबा घेऊन बोलावलं होतं. हा डबा मीच केलेला. कार्ड त्यात खोचायचं, ठीक असेल तर हिरवा दिवा, नसेल तर लाल. साहेब एकेक कार्ड खोचत गेले. सगळ्यांना हिरवा दिवा लागला, माझ्या दार-कार्डालाही. साहेब म्हणाले, यंत्रणा निर्दोष आहे, म्हणजे चूक माणसाची. आणि मॅनेजरनं आधीच लिहून आणलेला कागद पुढे केला.

मला तेव्हा जे झालं ते सांगायला शब्द साधाच आहे, संताप. ते कार्ड मी जीव लावून आखलं होतं. त्यात दोष नव्हता. आणि त्याचं ते चांगलं असणंच या माणसांनी किसनच्या विरुद्ध साक्षीला उभं केलं होतं.

किसन कोपऱ्यात स्टुलावर बसला होता, हात गळ्यात बांधलेला, बायको मागे उभी. कागदावर लिहिलं होतं की बटण त्याच्याकडून दाबलं गेलं. मॅनेजरनं शाईचं पॅड सरकवलं आणि त्याच्या डाव्या हाताचा अंगठा धरायला गेले. किसननं हात मागे घेतला.

"मले सही येते," तो म्हणाला. "माह्या बापानं जनमभर आंगठे देल्ले, कशावर देल्ले थे त्याले समजलं नाही. मी आंगठा नाही देत."

साहेब इंग्रजीत राजाभाऊंना म्हणाले की ही माणसं असंच करतात. मला इंग्रजी येतं हे त्यांना माहीत नसावं. मी उठले आणि म्हटलं, साहेब, तुम्ही कार्डं एकेकटी तपासलीत. किसनचा हात काही एकट्या कार्डानं नेला नाही. ती प्रेसमध्ये परत लावा, तारेचा तुकडा होता तसा ठेवा, दार उघडा आणि मेन स्विच बंद करून चालू करा. साहेब माझ्या बोलण्याला हसले. बोलण्याला की माझ्या धाडच्या हेलाला, कोण जाणे. म्हणाले, प्रत्येक भाग पास असताना पूर्ण यंत्र वेगळं काय करणार? पण जिनचे कामगार तोवर दारात जमले होते आणि कुणी हलायला तयार नव्हतं. राजाभाऊ खाली मान घालून म्हणाले, पाहून घ्या साहेब एकदा.

प्रेसचं दार उघडलं. किसनचा हात होता त्या जागी सरकीचं पोतं ठेवलं. मी मेन स्विच पाडला, पुन्हा वर केला. काही झालं नाही. पुन्हा केलं, तरी काही नाही. बऱ्याचदा केलं. कार्ड दर वेळी 'दार उघडं' म्हणूनच जागं होत होतं, माझं कार्ड माझ्यावरच उलटलं होतं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मॅनेजर म्हणाले, झालं ना समाधान बाई? मी किसनकडे पाहिलं नाही, मला ते जमलं नसतं.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पडायला इतका वेळ लागला म्हणून मला स्वतःचाही राग आला. कार्डाच्या पोटात थोडी वीज उरलेली असते. मी स्विच लगेच वर करत होते, म्हणून कार्ड जुनी आठवण विसरतच नव्हतं. खरी लाइन अशी पापणी लवते न लवते तोच येत नाही. मी स्विच पाडला आणि त्याच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, आता थांबायचं. साहेबांनी चहा मागवला. चहा आला, पिऊन झाला. कामगार उन्हात तसेच उभे.

मी स्विच वर केला. मोटर गुरगुरली आणि दट्ट्या हलला. दार सताड उघडं होतं आणि बटणाजवळ कुणी नव्हतं. पोतं फुटलं, सरकी साहेबांच्या बुटांपर्यंत आली. किसन स्टुलावरून उठून दारात आला होता. त्यानं पोत्याकडे पाहिलं आणि बायकोला म्हणाला, "पाह्य. म्या सांगतलं नव्हतं तुले?" तेव्हा मला कळलं की घरातही त्याला कुणी तरी विचारलं होतं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मोठ्या लोकांचं डोकं अशा वेळी भारी चालतं. साहेबांनी नवा कागद सांगितला. वीजपुरवठा अचानक पूर्ववत झाल्यामुळे अपघात घडला. म्हणजे दोष लाइनचा. लाइन तर आमच्याकडे जाते आणि येते, तिला आणखी काय येतं? बटण कुणी काढायला लावलं, तार कुणी जोडून दिली, कुणाला आधी सांगितलं होतं, याबद्दल अक्षर नाही. मी बोलले तर राजाभाऊ हळूच म्हणाले, बाई, कारखान्यात सहा बाया काम करतात, त्याह्यचा विचार करा. मी त्यांचा विचार केला, आणि तो करायला लावल्याबद्दल मी राजाभाऊंना कधी माफ केलं नाही.

किसननं मात्र एक धरून ठेवलं. कामगाराने बटण दाबले नव्हते, एवढं एक वाक्य त्यात घाला, नाही तर माझी सही नाही. वाक्य घातलं गेलं. साहेबांनी सही केली, मॅनेजरनं केली, राजाभाऊंनी केली. मॅनेजरनं पुन्हा पॅड सरकवलं. अंगठा चालतो रे, कायद्यानं चालतो, भरपाई लवकर मिळेल. किसन म्हणाला, थांबा.

थांबणं त्याला परवडणारं नव्हतं. घरात कमावणारा तो एकटा, आणि कागदावर त्याचं नाव पडेपर्यंत पैसे हलणार नव्हते. लोकांनी त्याला वेड्यात काढलं, त्यात आमच्या समाजातलेही होते. मी त्याच्या घरी जायचे तेव्हा तो पोरीची पाटी मांडीवर घेऊन डाव्या हातानं गिरवत असायचा. सुरुवातीला नुसत्या रेघोट्या यायच्या. पोर हसायची, मग तीच त्याचा हात धरून वळवायची.

दरम्यान जिनमध्ये हिरवं बटण परत बसलं. दोन तारांचं काम होतं, चहा होईपर्यंत झालं. राजाभाऊंनी माझ्याकडून ते राहिलेलं कार्ड करून घेतलं आणि 'सुरक्षा कार्ड' असं नाव देऊन ते दर गिऱ्हाइकाला जास्तीचा आकार लावून विकलं. भाच्याला मी एवढंच विचारलं होतं, वीज गेली आणि आली, तर तुझा ब्लॉक काय समजून जागा होतो? तो म्हणाला, मावशी, ते दुसरी टीम बघते. मी म्हटलं, त्या दुसऱ्या टीमला जाऊन विचार, आणि तेही कुणा तिसऱ्याचं नाव सांगतात का बघ.

थंडी सरत आली तेव्हा किसननं निरोप पाठवला, बाई, तुम्ही या. जिनच्या ऑफिसात तो टेबलाशी बसला, डाव्या हातात पेन धरलं. मॅनेजर सवयीनं पॅड काढायला गेले आणि त्यांनी ते पुन्हा खणात ठेवलं. किसननं सावकाश लिहिलं, नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आणि वर ओढलेली रेघ. मी वाकून तो कागद पाहिला. साहेबांची सही म्हणजे एक ऐटदार फराटा, मॅनेजरची त्याहून घाईची, राजाभाऊंची अर्धवट. त्या कागदावर वाचता येणारं नाव एकट्या किसनचं होतं.